आधी पाना हातात घ्या

मंडळी, आज जरा हात काळे करणारा विषय घेतो आहे. आपण सगळेच पुस्तकांवर लिहितो, प्रवासावर लिहितो, लहानपणीच्या आठवणींवर तर फारच लिहितो. मोटारसायकलच्या प्लगवर मात्र कोणी लिहिताना दिसत नाही. खरं म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एखादी तरी दुचाकी उभी असते. रोज तिच्यावर बसून आपण बाजारात जातो, मुलांना शाळेत सोडतो, बायकोला मागे बसवून लग्नाला जातो. आणि ती कशी चालते, कशी थांबते, याची आपल्याला तोंडओळखही नसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. गाडीची नेहमीची देखभाल घरच्या घरी, स्वतःच्या हातानं करावी. आणि गाडीत हौसेनं काही बदल करायचे असतील, ज्याला हल्लीची मुलं 'मॉडिफाय करणं' म्हणतात, तर अशी देखभाल निदान एक वर्ष केल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. ही दोन वेगळी मतं वाटतील, पण माझ्या लेखी ते एकच आहे. कसं ते पुढे येईलच.

जुन्या मंडळींना आठवत असेल, राजदूत, येझदी, लॅम्ब्रेटा यांच्या काळात गाडी असणाऱ्या प्रत्येकाला थोडंफार मेकॅनिक व्हावंच लागे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, पॉइंट घासायचे, रस्त्याच्या कडेला प्लग काढून पॉलिश पेपरनं साफ करायचा. डिकीत प्लगपाना नसलेला माणूस म्हणजे छत्री न घेता कोकणात निघालेला माणूस! त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या गाड्या त्रास द्यायच्या, आणि पँटला डाग पाडून ऑफिसला जाण्यात काही काव्य नव्हतं. मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. तिच्यामागून १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. या गाड्यांनी आपल्या लोकांचं फार भलं केलं, याबद्दल दुमत नाही. पण आपण त्या जाहिरातीतलं 'विसरून जा' एवढंच जरा जास्त मनावर घेतलं. कटकट गेली ते चांगलं झालं, पण तिच्याबरोबर माहितीही गेली.

विसरण्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. सिग्नलला उभं राहून आजूबाजूच्या गाड्यांकडे बघा. चेन एवढी ढिली की कव्हरवर खडखड आपटते आहे. मागच्या टायरवरची नक्षी पार गुळगुळीत झालेली. ब्रेकचा दिवा पेटत नाही. चालवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो वाईट माणूस नव्हे. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक बघेल, असं तो धरून चालला आहे. पण ब्रेक झिजतो तो सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट बघत नाही.

आता घरी नेमकं काय करता येतं? माझ्याकडे २००६ सालची स्प्लेंडर आहे. पंधरा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये आरटीओत फेरनोंदणी करून घेतली, आणि अजून रोज चालते. तिच्याच आधारानं सांगतो. आठवड्यातून एकदा हवा बघावी, तीही गाडी थंड असताना, कारण गाडी चालून टायर तापला की आकडा वाढीव येतो. पुढच्या-मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात, मागे कोणी बसणार असेल तर मागचा आणखी वेगळा. सगळं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकची पिशवीही न फोडता पडलेली असते! (तुमची कुठे आहे, आठवून बघा.)

चेनच्या कव्हरला खालच्या बाजूला रबराचं एक बूच असतं. ते काढून बोटानं चेन वर-खाली करून बघायची. अगदी ताणलेली नको आणि लोंबतीही नको. चाक मागे सरकवून चेन ताणली, तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, की चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही आपोआप ताणला जातो. तेव्हा चेननंतर ब्रेकचा नट पुन्हा जुळवावाच लागतो.

ड्रम ब्रेक असेल, तर चाकापाशी ब्रेकच्या दांडीच्या टोकाला एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला आणि तो बाण शेजारच्या खुणेपर्यंत पोचला, की आतले लायनर संपले असं समजावं. मग नट कितीही आवळा, उपयोग नाही, नवे लायनर टाकायचे. एवढा साधा बाण कंपनीनं आपल्यासाठीच ठेवला आहे. तुम्ही कधी बघितला आहे का? बघायला पाच सेकंद लागतात, आणि समोर अचानक एखादं पोर आडवं आलं तर त्या पाच सेकंदांचं मोल कळतं.

आणखी काही छोटी कामं. क्लचच्या आणि ब्रेकच्या केबलमध्ये तेलाचे चार थेंब. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसली तर पुसून वर थोडी व्हॅसलिन. स्पोकवर पान्यानं हलकेच टिचकी मारत जायचं. घट्ट स्पोक टण्ण वाजतो, ढिला बद्द वाजतो. पेटी लावताना तबला ऐकणारा कान ज्यांना आहे, त्यांना हे शिकवावंच लागणार नाही. प्लग काढून त्याचा रंग बघायचा. विटकरी-तपकिरी असला तर ठीक, काजळीसारखा काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय, पांढराफटक असला तर इंजिन जास्त तापतंय. मुलाची जीभ बघून वैद्य पोटाची हालत सांगतो, तसंच हे.

इंजिन ऑइल बदलणं हे घरच्या कामांतलं सर्वांत मोठं काम, पण अर्ध्या तासाचं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करायचं, खालचा बोल्ट काढून काळं ऑइल पसरट भांड्यात घ्यायचं, वॉशर तपासून बोल्ट परत लावायचा आणि नवीन ऑइल ओतायचं. इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या. इंजिन ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा बोल्टवर पहिलवानी करायची नाही, आतले आटे जातात. आणि मोटारीचं ऑइल स्वस्तात मिळालं म्हणून मोटारसायकलमध्ये ओतायचं नाही. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असू शकतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघून घ्यावं. निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतणं हा मात्र गुन्हाच समजतो मी. डब्यात साठवावं आणि गॅरेजवाल्याला नेऊन द्यावं, त्याच्याकडून ते पुढे शुद्धीकरणासाठी घेऊन जाणारे असतात.

आणि एक सूचना शिक्षकाच्या आवाजात देतो, कारण ती तशीच द्यायला हवी. चेन पुसताना किंवा तिला तेल लावताना इंजिन बंदच असलं पाहिजे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आणि चाक हातानं फिरवायचं. 'इंजिन चालू ठेवून फडकं धरलं की चेन पटकन साफ होते' असं सांगणारे भेटतील. फडकं चेनबरोबर दातेरी चक्रात जातं, आणि फडक्याबरोबर बोट. तसंच बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराला वास आला नाही तरी तो जीव घेतो. पेट्रोलनं भाग धुवायचे नाहीत, रॉकेल किंवा डिझेल वापरावं, तेसुद्धा उघड्यावर.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, 'काका, चार पैसे टाकले की मेकॅनिक करून देतो, तुम्ही कशाला या वयात फरशीवर बसता?' आमच्या नातेवाईक मंडळींत असं म्हणणारे बरेच आहेत, आणि ते हा लेख वाचणार आहेत हे मला माहीत आहे. त्यांना सांगतो, पैसे वाचतात हा माझा मुद्दाच नाही. वाचतात, पण थोडे. मुद्दा ओळखीचा आहे. आमच्या भाच्यानं गाडी एका सर्व्हिस सेंटरला दिली होती. बिलात एअर फिल्टर बदलल्याचे पैसे लावलेले. भाच्यानं आधी घरी फिल्टर काढून बघितला होता आणि त्याच्या कडेला पेनानं छोटी फुली केली होती. घरी येऊन कव्हर उघडलं तर फुली जागेवर! परत गेला, शांतपणे दाखवली, फिल्टर बदलून मिळाला. वाद नाही, आरडाओरड नाही. ज्याला माहिती असते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे मेकॅनिकच्या पोटावर पाय देणं नाही का? मुळीच नाही. इंजिन उघडणं, पुढचे शॉकअप, चाकाची बेअरिंग, ब्रेक डिस्कचा असेल तर त्यातलं ब्रेक ऑइल, ही कामं घरी करायची नाहीत, ती त्याचीच. उलट चांगल्या मेकॅनिकला जाणता गिऱ्हाईक आवडतो. 'गाडी आवाज करते' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'थंड असताना वरून टॅपेट वाजतात, गरम झाली की थांबतात' असं सांगणारा आला, की त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि स्वतः एकदा जाम झालेला नट सोडवून बघितला, की त्याच्या मजुरीत घासाघीस करावीशी वाटत नाही.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे शिकलेल्या माणसानं हातात पाना घेणं म्हणजे काहीतरी पायरी उतरणं, असं अजून मानतात. मुलाला इंजिनियर करायचं असतं, पण त्याचे हात तेलकट झालेले चालत नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली ती १८८८ मध्ये बेळगावला काढलेल्या सायकलच्या दुकानापासून. पुढे लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे आपण धड्यात शिकवतो. पण त्यातला खडू धरणारा हात आणि पाना धरणारा हात एकाच माणसाचे होते, हे शिकवायचं राहून जातं.

आणि हे फक्त मुलग्यांसाठी नाही, बरं का. आज गावोगावी मुली स्कूटर चालवतात. त्यांना गाडी चालवायला शिकवतो, पण हवा बघायला, ब्रेकची केबल जुळवायला शिकवत नाही. बंद पडली तर 'फोन कर, कोणीतरी येईल' एवढंच शिकवतो. आमच्या नातीला मी प्लग काढायला शिकवला तेव्हा तिच्या आजीनं कपाळाला हात लावला होता. आता तीच आजी बाहेर निघताना नातीला विचारते, 'हवा बघितलीस ना गं?'

आता मॉडिफिकेशनकडे येतो. बदल करण्याला माझा सरसकट विरोध नाही. दूधवाल्यांनी गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे आकडे बसवून घेतले, तो बदल पोटासाठी होता. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांनी नव्वदच्या दशकात बुलेटला मागे नांगर, कोळपं लावून 'बुलेट सांती' तयार केली. बैल परवडत नाहीत आणि ट्रॅक्टरही परवडत नाही, अशा शेतकऱ्याची ती गरज होती. पायानं अधू असलेल्या माणसासाठी स्कूटरला बाजूची दोन चाकं लावतात, आरटीओत त्याची रीतसर नोंद करून घेतात, यापरता चांगला बदल कोणता? या सगळ्यांत आधी गरज आहे आणि मग पाना.

पण हल्ली गल्लीबोळांत जे चालतं ते उलटं आहे. सायलेन्सर काढून फटाके फोडणारा पाइप लावणं, डोळे दिपवणारे दिवे लावणं, आरसे काढून टाकणं, मागचं मडगार्ड कापणं. माझी एक साधी कसोटी आहे. बदलाची हौस कोणाची आणि त्रास कोणाला? मूठ बदलली, सीटला मऊ गादी लावली, मोबाइल चार्जिंगची सोय केली, तर हौसही तुमची आणि काही बिघडलं तर भोगणारही तुम्ही. खुशाल करा, वायर तेवढी नीट फ्यूजमधून घ्या. पण पाइपाचा आवाज तुम्ही गेल्यावरही मागे राहतो, दवाखान्यातल्या म्हाताऱ्याच्या कानात आणि नुकत्याच झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर धूर कमी विषारी करणारं यंत्र त्या मूळ सायलेन्सरच्या वाटेतच बसवलेलं असतं. पाइप बदलताना पोरं तेही भंगारात टाकतात.

सर्वांत जास्त राग मला साडीगार्ड काढण्याचा येतो. 'लुक खराब होतो' म्हणून नव्या गाडीचं साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकतात. मंडळी, ती जाळी शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. एका सेकंदात मागची बाई रस्त्यावर असते, किंवा ओढणीचा फास गळ्याला बसलेला असतो. गाडी देखणी दिसावी म्हणून आई, बायको किंवा बहीण यांच्या जिवाशी खेळायचं, ही कसली हौस?

कायदाही सोपा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात, ते फोटो आपण पाहिलेच आहेत. पण दंडाच्या भीतीनं सुधारणारे थोडेच. म्हणून मी सुरुवातीला म्हटलेलं वर्षभराच्या देखभालीचं पथ्य सुचवतो. ज्यानं वर्षभर स्वतः चेन जुळवली, ब्रेकचा बाण बघितला, प्लगचा रंग वाचला, त्याला कळू लागतं की गाडीतला प्रत्येक भाग कोणीतरी विचार करून तिथे ठेवला आहे. मग तो करवत घेऊन मडगार्ड कापायला धजत नाही. मी पाहिलं आहे, ज्याला गाडी कळते तो तिच्यात कमी बदल करतो, आणि जे करतो ते सुबक करतो.

नव्या गाड्यांबद्दल कोणी म्हणेल, आता कार्बोरेटर गेला, सगळं इलेक्ट्रॉनिक झालं, घरी करण्यासारखं राहिलंय काय? खरं आहे, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत स्क्रू ड्रायव्हरनं ट्यूनिंग करता येत नाही, आणि विजेच्या स्कूटरची बॅटरी तर घरी उघडूच नये. पण त्यांनाही टायर आहेत, ब्रेक आहेत, दिवे आहेत, केबली आणि नटबोल्ट आहेत. जीव वाचवणारे भाग अजून आपल्या हाताशीच आहेत. आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करता यावी, ही गोष्ट आता सरकारलाही महत्त्वाची वाटू लागली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून काय उपयोग? पाना कसा धरायचा हे ठाऊक असलं तर त्या हक्काला अर्थ.

असो. लेख लांबला, शिक्षकाची खोड. येत्या रविवारी फार काही करू नका. ती पुस्तिका शोधा, गाडी मेन स्टँडवर लावा, हवा बघा, चेन बघा, ब्रेक दाबून तो छोटा बाण कुठे येतो ते बघा. घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा आणि तिच्या हातात पाना द्या. आणि साडीगार्ड माळ्यावर असेल, तर सगळ्यात आधी ते खाली काढा. चार बोल्ट आवळायचे असतात, दुसरं काही नाही.